बाबांचा उरलेला शब्द

तुलसी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावी लागे. बाबा नोकरीसाठी नागपूरहून भोपाळला आलेले. माझ्या तोंडून चुकून "चलो" निघालं, की लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. एकदा पट्टी मोडली, तर उरलेले फटके मोडक्या तुकड्यानं दिले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, मराठी गेली. तोंडात उरला एकच शब्द, "कमीने". ऑफिसातला असणार, घरी कधी ऐकला नव्हता. पाणी हवं, कूस बदलायची, चादर ओली झाली, सगळ्याला तोच.

"अहो, मुद्दाम नाही म्हणत ते," बायको म्हणायची. मला वाटायचं, मुद्दामच. जन्मभर मला मारलं आणि आता स्वतः घरात हिंदी, तीही शिवी.

एका दुपारी बिट्टन मार्केटहून भाजी घेऊन आलो, तर ती वाकून त्यांचे पाय पुसत होती आणि ते तिला तेच म्हणत होते. मी पिशवी फेकली, त्यांची हनुवटी धरली. "मराठीत बोला! या घरात मराठीत बोलायचं!" म्हणत थोबाडीत मारत राहिलो. ओठ फाटला, उशीवर रक्त सांडलं.

"सोडा, मरतील ते!" बायको मला मागे ओढत होती. खरं सांगतो, थांबावंसं वाटत नव्हतं. बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या.

"होंठ को क्या हुआ?"

"गिर गए थे," मी म्हणालो. बायको उठून आत गेली.

बाईंनी समजावलं. शब्द जुळवून वाक्य करायचं काम मेंदूच्या डाव्या बाजूचं, आणि बाबांची तीच बाजू जखमी झाली होती. शिव्या, आरत्या, एक-दोन-तीन, हे बऱ्याचदा दुसऱ्या वाटेनं येतं, म्हणून शाबूत राहतं. "अंकलजी पानी ही माँगते होंगे, निकलती गाली है. निकलने दीजिए. उसी को पकड़कर बाकी बोली लाएँगे."

त्यांनी पेला पुढे धरला. "बोलिए, क्या चाहिए?"

बाबांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. ओठ घट्ट मिटले.

बाई दोन महिने येत राहिल्या. बाबा परत एक अक्षर बोलले नाहीत. गेले तेव्हाही नाही.

"गाली भी चली गई, शायद दूसरा अटैक आया होगा," बाई शेवटच्या आल्या त्या दिवशी म्हणाल्या होत्या.

"हाँ," मी म्हणालो होतो, "आया होगा."