शनिवारी पूर्वेला

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते ते हसायला. आमचं घर लिंगायत, बसवण्णांना मानणारं. मुहूर्त नाही, अमावस्या नाही, शुभ-अशुभ वार नाही. म्हणजे बोलायला नाही… भिंतीवर बसवण्णांचा फोटो आणि त्याच खिळ्याला पंचांगाचं कॅलेंडर, अशी आमची गत. तर जे घडलं ते घडलं तसं लिहिते. हसायचं असेल तर तुम्हीही हसा.

गाव ठाणाकुशनूर, तालुका औराद, जिल्हा बिदर. बाजाराच्या रस्त्यावर आमचं साड्यांचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी आमचे हे अचानक गेले, तेव्हापासून दुकान मी चालवते, जोडीला पिको-फॉल करते. हे माल आणायला दर महिन्याला हैदराबादला जायचे. वीस वर्षं मी म्हणत होते, एकदा मलाही न्या, तो भला मोठा तलाव बघू द्या, नावेत बसू द्या. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण ती खेप काही आली नाही.

मागच्या हिवाळ्यात मी ठरवलं, आता आपणच जायचं. शनिवार-रविवार. सोबत शेजारची पार्वती. ती शाळेत स्वयंपाक करते, माझ्याच वयाची आणि माझ्याहून हौशी. आठ दिवस दुकानात बसून आम्ही बेत केला. मापं लिहायच्या वहीत यादी केली — शनिवारी चारमिनार, बांगड्या, संध्याकाळी हुसेनसागरात नाव. रविवारी म्युझियम आणि परत.

पार्वती म्हणाली, "येखांदं देऊळ टाक की मधी. घरी सांगाया बरं पडतंय."

मी म्हटलं, मुळीच नाही. आमच्याकडच्या बाया हैदराबादला जातात त्या दवाखान्यासाठी, लग्नासाठी, नाहीतर देवासाठी. मला नुसतं बघायला जायचं होतं. एवढ्यावरून गल्लीच्या पोटात दुखायला लागलं. माझे थोरले भाऊजी म्हणाले, बाईमाणसानं असं हिंडणं बरं दिसत नाही. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ, तिला मी अक्का म्हणते. आम्ही एकाच घरात राहतो. तिनं वेगळंच काढलं.

"शनिवारी पूर्वेला कामून जायलीस गं? सोमवार-शनिवार पूर्वेला पाऊल टाकू न्हाई."

"अक्का, पार्वतीला सुट्टी तवाच मिळती."

"मग प्रस्थान तरी ठेव. माझ्यासाठी ठेव."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जायचा वार वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी आपली साडी, सुपारी, हळकुंड गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला जे शेजारचं घर असेल तिथं ठेवतात. म्हणजे तुम्ही त्याच दिवशी निघालात असं धरतात. काळाला फसवायची सोय! घरात शांतता हवी म्हणून मी कबूल झाले. पार्वतीचं घर आमच्या पूर्वेलाच. गुरुवारी माझी जांभळी इरकल साडी बांधली आणि गाठोडं तिच्या कपाटात ठेवलं. तिनं तिचं मारुतीच्या देवळात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर माझं गाठोडं आमच्या उंबऱ्यावर.

मी आधी पार्वतीवर चिडले. तिनं लेकरांची शपथ घेतली. मग मला भाऊजींचा संशय आला. म्हटलं, थांबा, तुमची गंमतच करते. गाठोड्यातली साडी पुन्हा घडी घालून ठेवली आणि गाठोड्याचं तोंड हिरव्या दोऱ्यानं हातानं शिवून टाकलं. माझा टाका मी शंभरात ओळखते. ते परत पार्वतीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेच्या बटव्यात. भाऊजी त्याच दुपारी लेकीकडं उदगीरला गेले ते तिथंच राहिले.

शनिवारी सकाळी निघायच्या वेळी दार उघडलं… गाठोडं उंबऱ्यावर. टाके जसेच्या तसे. पळत जाऊन पार्वतीचं कपाट उघडलं. कुलूप होतं तसं होतं, आत काही नाही. देवळातलं पार्वतीचं गाठोडं मात्र बिचारं जागचं हललं नव्हतं.

अक्का रडायला लागली.

"त्योच हाय गं, तुजा नवरा. तुला आडवायलाय. नको जाऊ."

माझं डोकंच फिरलं. गल्ली गोळा झाली होती, तरी उंबऱ्यात उभी राहून मी मोठ्यानं बोलले, "वीस वर्सं पुढची खेप, पुढची खेप! तवा न्हाई नेलं, आता मी माझ्या पायानं निघाले तर आडवायलाव व्हय? चालले मी!" आणि तिथंच कात्रीनं टाके उसवले.

आता पुढचं मी अक्काला सांगितलेलं नाही, पार्वतीलाही नाही. साडीला मी आपली घरातली घडी घातली होती, चौकोनी, कशीबशी. बाहेर निघाली ती दुकानाची घडी. पदर वर, काठ समोर, गिऱ्हाइकाला नक्षी आधी दिसावी अशी. ती घडी हे घालायचे. मला ती चार वर्षांत एकदाही जमलेली नाही.

भ्यायले म्हणाल तर नाही. राग होता, आणि त्यातच रडू फुटत होतं. हे अडवतायत की "ही नेस" म्हणून साडी पुढं करतायत, कळेना. विचारायची सोय नव्हती. आत गेले, तीच साडी नेसले आणि उंबरा ओलांडला.

प्रवासात काहीही वाईट झालं नाही. बस बंद पडली नाही, पाकीट गेलं नाही. बांगड्यांत पार्वती दोन तास रमली. संध्याकाळी नावेत बसलो. चार वर्षं मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. फोटोला हार घालायचे, बस. सकाळी भांडायला सुरुवात केली होती, ते उरलेलं भांडण मी नावेत पुरं केलं. किती आठवण येते तेही सांगून टाकलं. पार्वतीला वाटलं मला मळमळतंय, तिनं लिंबू पुढं केलं.

परत आल्यावर चौकशी केली. भाऊजी खरंच उदगीरहून हलले नव्हते. किल्ली माझ्याकडं होती, तेव्हा मीच झोपेत उठले असेन, हाही विचार करून पाहिला. पण पार्वतीच्या घराला आतून कडी होती. शिवाय जागेपणी न जमणारी घडी झोपेत कशी जमेल?

मला याचा अर्थ आजही लागलेला नाही. कुणाकडं खुलासा असेल तर जरूर लिहा. मी जायला नको होतं, एवढं मात्र लिहू नका. ते सांगायला आमची गल्ली पुरेशी आहे, आणि तिचंही मी ऐकलं नाही.