विषयाच्या ओळीतलं नाव

आधीच सांगते, भूत-बित मी मानत नाही. बाबांनी आमच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा लावू दिली नाही. त्यात मी कोड लिहिते… काही बिघडलं तर कोणीतरी माती खाल्लेली असते, एवढं साधं आहे.

घाटकोपर पश्चिमेला मेट्रो स्टेशनजवळच्या गल्लीत, फरसाणच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. मी आणि नीलेश, दोघंच प्रोग्रामर. एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट पेशंटना ईमेलने पाठवायचं काम आमच्याकडे होतं — साध्या शुगरपासून गाठीच्या तपासणीपर्यंत सगळे. मेलच्या विषयाच्या ओळीत पेशंटचं नाव मराठीत जायचं. आता गंमत अशी, की त्या ओळीला मुळात इंग्रजी अक्षरंच कळतात. मराठी नाव आधी सांकेतिक रूपात बदलून द्यावं लागतं. मी घाईत शॉर्टकट मारला… जे अक्षर कळत नाही ते गाळून टाक, असं कोडला सांगितलं. एरर गायब, लॅब खूश! पंधरवड्याने कळलं, मराठी नावांचे मेल कोऱ्या विषयाने जात होते.

"झकास! पेशंटच गाळलेस यार तू," नीलेश दिवसभर हसत होता.

गेलेले मेल नंतर पुन्हा पाठवू म्हटलं, आधी कोड सुधारते. दुपारी तीनला चार खोट्या नावांचे टेस्ट मेल स्वतःलाच पाठवले. आले पाच. पाचव्याचा विषय — 'कुमुद क्षीरसागर, रिपोर्ट मिळाला नाही'. माझ्या यादीत असं कोणी नव्हतं, आणि सर्व्हरवर नोंद चारच मेलची.

"नीलेश, बास हां आता."

"काय बास?"

"हा कुमुदचा मेल. पासवर्ड तुझ्याशिवाय कोणाकडे आहे?"

"आईशप्पथ, मी नाही. वेड लागलंय का गं तुला?"

दुसऱ्या दिवशी तेच. पासवर्ड बदलला, तरी तेच. माझं डोकंच फिरलं. चौथ्या दिवशी मी सरांकडे तक्रार केली आणि नीलेशला या कामावरून काढायला लावलं.

"ते नाव शोधून तरी बघायचंस, प्रज्ञा," एवढंच म्हणाला.

मेल येतच राहिले. मला वाटलं, आता घरून करतोय! आठव्या दिवशी मी नेटची केबल काढली, वायफाय बंद केलं आणि मेल लॅपटॉपमधल्या लॅपटॉपमध्येच पाठवले. तरीही पाच. खरंच घाबरले मी.

तेव्हा कुठे लॅबची खरी यादी उघडली. कुमुद क्षीरसागर, वाकोला. रिपोर्ट गेला होता, कोऱ्या विषयाने. आत लिहिलं होतं, 'तातडीने डॉक्टरांना दाखवा'. मी लगेच फोन लावला.

"नाव ना गाव असा मेल आलेला. फ्रॉड असेल म्हणून मुलीने उडवला," कुमुदताई म्हणाल्या. "काही असतं तर लॅबवाले बोलले असते ना?"

मी रिपोर्ट पुन्हा पाठवला, बाकीच्या सगळ्यांचेही त्याच दुपारी पाठवले. पाचवा मेल त्यानंतर आला नाही. कुमुदताईंचे उपचार चालू आहेत. नीलेशची माफी मागितली. तो "जाऊ दे" म्हणाला, पण चहाला अजून एकटाच जातो.

ते मेल कोण पाठवत होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुमुदताईंना डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "आठवडाभर आधी का नाही आलात?" त्याचं मात्र आहे.