बॉनेटवरचा अंगठा

पिराजी पेंटरच्या मनगटावरचं घड्याळ सत्त्याण्णव साली चार महिन्यांत तीन वेळा बंद पडलं, आणि तिन्ही वेळा ते त्यानं स्वतःच बंद पाडलं होतं. चांगलं सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ. पण शेजारच्या गुंडू घड्याळजीच्या दुकानात जायला काहीतरी कारण नको का? म्हणून मागचं झाकण उघडायचं, आत काडी घालायची आणि तोंड पाडून शेजारी जायचं.

"अण्णा, परत थांबलं बघ की हे."

गुंडू जयसिंगपूरकडचा, घरात निम्मं कानडी बोलणारा, हळू आवाजाचा माणूस. डोळ्याला भिंग लावून तो घड्याळात बघायचा आणि म्हणायचा, "ह्यात काडी कशी काय गेली म्हणायची, पेंटर?" पिराजीचं लक्ष घड्याळाकडं नसायचंच. ते असायचं काउंटरवरच्या खोक्याकडं.

त्या खोक्यात एक मोटार होती. जुनी अमेरिकन शेवरलेट, सत्तावन्न सालचं मॉडेल, मागं माशाच्या शेपटीसारखे पंख असलेली. खरी नव्हे हो, प्लॅस्टिकची, वीतभर लांबीची. गुंडूच्या मस्कतच्या साडूनं पाठवलेली. तीही तयार नव्हे. शंभरावर बारीक बारीक तुकडे, कैऱ्या देठाला लटकाव्यात तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले. एकेक तुकडा तोडायचा, कानसीनं घासायचा, डिंकानं जोडायचा. गुंडू गिऱ्हाइकं सांभाळून रोज तासभर त्याला बसायचा, आणि तो तासभर कोल्हापूरच्या उद्यमनगरातली त्यांची अख्खी गल्ली त्याच्या काउंटरवर वाकलेली असायची.

पिराजीचं दुखणं तिथंच होतं.

पिराजी मूळचा मुरगूडचा. जळण्याचा हा गुण त्याचा लहानपणापासूनचा. दहा वर्षांचा असताना बेंदराला त्यानं बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवली होती. चांगली रंगली होती. पण शेजाऱ्याच्या बैलाची शिंगं जास्त चमकताना दिसली, आणि ह्यानं घरी येऊन सगळा रंग खरवडला. परत रंगवली. मिरवणुकीच्या वाटेवर तिसऱ्याच कुणाची आणखी चांगली दिसली, तेव्हा ह्यानं वाटेतच बैल थांबवून परत डबा काढला. बैल शेवटी वैतागून ओढ्यात जाऊन बसला. पण खरी गोष्ट अशी की त्या दिवशी रंगाचा हात त्याला लागला तो लागलाच. पुढं कोल्हापुरात येऊन त्यानं गाड्या रंगवायचं शेड टाकलं, आणि त्यानं रंगवलेल्या अॅम्बॅसेडरच्या दारात बघून लोक भांग पाडायचे.

बनाबाई, त्याची बायको, म्हणायची, "आमच्या ह्यांना दुसऱ्याचं बरं बघितलं की ताप चढतोय. पर ताप चढल्याबिगर हात बी चालत न्हाय."

गल्लीत एक रीत होती. खंडेनवमीला सगळे कारखानदार हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पुजायचे, आणि प्रत्येकजण वर्षातलं आपलं सगळ्यांत देखणं काम दारात मांडायचा. लेथवाले हंबीरराव गल्लीतले वयानं मोठे. ते सगळीकडं फिरून बघायचे आणि एका कामापुढं गल्लीचा पहिला नारळ फोडायला लावायचे. तो मानाचा नारळ सलग अकरा वर्षं पिराजीच्या शेडपुढं फुटत आला होता. त्या साली त्यानं मुरगूडच्या एका डॉक्टरांची पांढरी अॅम्बॅसेडर खास नवमीसाठी अडकवून ठेवली होती. डॉक्टर बिचारे दीड महिना एस.टी.नं फिरत होते.

पण माणसं अॅम्बॅसेडरला वळसा घालून गुंडूच्या काउंटरला जायची.

"पेंटर, बघितलं काय? गुंडूनं इंजनाला वायरी बी जोडल्यात!" ज्ञानू वेल्डर शेडमध्ये येऊन सांगायचा. "मोटार वाइंडिंगची बारीक तार घेऊन गेलता माझ्याकडनं. एकेक प्लगला एकेक वायर!"

"ती चालू हुतीया काय?" पिराजी विचारायचा.

"चालू कशी हुईल? प्लॅस्टिकची हाय की."

"मग वायरी कशाला? शोभंला?"

असं म्हणायचा, आणि पुढच्याच दिवशी घड्याळात काडी घालून वायरी बघायला जायचा. गुंडूनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून बंपरवर चढवलेली बघितली. बायकोच्या ब्लाऊजपीसचा तुकडा घेऊन शिवलेल्या लाल गाद्या बघितल्या. परत येऊन डॉक्टरांच्या गाडीला आणखी एकदा पॉलिश मारायचा. आधीच इतकं पॉलिश झालं होतं की बसलेली माशी घसरायची.

आणि सर्वपित्री झाली त्या संध्याकाळी हंबीरराव चहा पिता पिता सगळ्यांसमोर बोलून गेले, "औंदा नारळ गुंडूच्या खेळण्याला द्यावा म्हणतो. रंग तेवढा ल्याला पायजे तिनं."

पिराजीला चहा कडू लागला. अकरा वर्षांचा मान एका खेळण्याला!

घटस्थापनेच्या सकाळी गुंडूच त्याच्या शेडमध्ये आला. हातात गाडीचा नुसता वरचा सांगाडा, टप आणि बॉनेट जोडलेला, दुधासारखा पांढरा.

"पेंटर, रंग मला जमंना. ब्रशनं मारून बघितला एका तुकड्यावर, वळ उठत्यात. तुम्ही हवेची गन मारून देताय काय?"

पिराजी मनात म्हणाला, मरू दे तुझी गाडी वळासकट. तोंडानं म्हणाला, "माझ्याकडं मोठी कामं हाईत, अण्णा."

"मग राहू दे. जयसिंगपूरचा आकाराम पेंटर वळखीचा हाय माझ्या. त्येला विचारतो."

आकारामाचं नाव निघालं आणि पिराजीला दुसराच ताप चढला. आकारामानं रंगवावी आणि पिराजीच्या शेजारी ठेवून लोकांनी बघावी? "आण हिकडं," तो म्हणाला. "आकारामाला ट्रकाच्या फाळक्यावर मोर काढायला सांग. ही गाडी मीच रंगवणार."

आता पिराजीच्या धंद्यातला एक नियम होता आणि तो त्यानं उभ्या हयातीत कधी मोडला नव्हता. रंगाआधी पत्र्याला थिनरची आंघोळ. धूळ नको, तेल नको, माणसाच्या बोटाचा घामसुद्धा नको. मोठी गाडी असो नाहीतर सायकलचा दांडा, आधी थिनरचं फडकं. गुंडू गेल्यावर त्यानं तो सांगाडा डाव्या हातात धरला, उजव्या हातानं फडकं थिनरमध्ये चिंब भिजवलं आणि मायेनं, अगदी बाळाला पुसावं तसं, बॉनेट नि टप पुसून काढलं.

फडकं चिकटायला लागलं. ओढलं तर तार आली. घाबरून त्यानं गाडी घट्ट धरली, तसा त्याचा अंगठा बॉनेटमध्ये रुतला. लोण्यात रुतावा तसा. काढला, तर खाली रेषान् रेषा उमटलेली, तलाठ्याच्या कागदावर उमटते तशी. टपाला लाटा आल्या होत्या.

पिराजी खाली बसला. पत्रा थिनरनं उजळतो, प्लॅस्टिक थिनरनं विरघळतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायला आलं असतं तर त्यानं ऐकलंही नसतं. पण हे कुणाला पटणार? जो माणूस चार महिने त्या गाडीवर जळतोय, त्याच्याच हातात ती जळली! शपथ घातली तरी गल्ली हसणार. आणि खरं सांगायचं तर शपथ तरी कशी घालायची? हातानं नव्हे, पण मनानं त्यानं ती गाडी रोज मोडलीच होती.

त्यानं सांगाडा फळीवर ठेवला आणि वर बांबूची बुट्टी पालथी घातली. दुपारी गुंडू डोकावला. "मारला का रंग?"

"घट बसल्यात न्हवं आज? घट उठस्तोवर आमच्यात नवं काम उघडून दावत न्हाईत."

"हे कधीपासनं?"

"औंदापासनं," पिराजी म्हणाला आणि कॉम्प्रेसर चालू केला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

पण बनाबाईनं जेवणाचा डबा आणला तेव्हा तिनं बुट्टी उचललीच. बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "मुद्दाम केलंय व्हय?"

"तुझ्यागत बायकोनंच असं इचारलं म्हंजे गल्लीत झालं की माझं!"

तिनं बुट्टी परत पालथी घातली. मग म्हणाली, "मग बसलाय काय? डॉक्टरची गाडी घासून घासून झिजवलीसा. आता ही घासा की."

तीन दिवस प्लॅस्टिक परत कडक व्हायला लागले. खड्डे बुजवायची लांबी भरावी म्हटलं तर तिच्यातही थिनरचाच वास. पिराजीनं गुंडूकडून टाकाऊ काड्यांचा एक जुडगा मागून आणला, "दात कोराय," म्हणून, आणि एकेक डिंक, एकेक रंग त्या काड्यांवर लावून बघितला. विरघळली की टाकून द्यायची. शेवटी दोन नळ्या एकत्र कालवून लावायचा डिंक टिकला. त्यानं खड्डा भरला. भर दुपारी, गल्ली जेवून लवंडली की शटर निम्मं ओढायचं आणि पाण्यात बुडवलेल्या घासकागदाचा नखाएवढा तुकडा घेऊन बसायचं. वीस वर्षं हातभर लांब दारं घासलेला माणूस, पण तेवढं बॉनेट एका बोटाच्या टोकानं घासत होता. रंग ऑइल पेंटचा घेतला, टर्पेंटाईनमध्ये पातळ केला, गनचा दाब फुंकरीएवढा ठेवला. मोरपंखी. टप पांढरं. एक हात, एक दिवस वाळवण. दुसरा हात, दुसरा दिवस. अष्टमीला तिसरा.

नवमीला सकाळी गुंडूनं सांगाडा नेऊन गाडी जोडली आणि पाटावर मांडली. अख्खी गल्ली पाटाभोवती वाकली. उन्हात तो मोरपंखी असा उठला होता की डॉक्टरांची अॅम्बॅसेडर धुतलेल्या चादरीसारखी दिसायला लागली. पिराजीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच कामाचा राग आला.

"गुंडू, घे नारळ," हंबीरराव म्हणाले.

"निम्मा मान पेंटरचा," गुंडू म्हणाला. "त्येंनी फोडावा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिराजीनं नारळ हातात घेतला. अकरा नारळ त्यानं ताठ मानेनं फोडले होते, हा बारावा उचलवेना. फोडला असता तर कुणाला कळणार होतं? तो उभा राहिला, खाकरला आणि अख्ख्या गल्लीत ऐकू जाईल असा ओरडला, "बॉनेट मी जाळलंतं! थिनरनं! मुद्दाम न्हाय, पर मनात तेच हुतं! परत भरून काढलंय. मानबिन कसला?"

ज्ञानू वेल्डरची हातातली सुपारी खाली पडली.

गुंडूनं भिंग कपाळावर सरकवलं. "ठाव हाय मला. आतल्या बाजूनं अंगठा दिसतोय की अजून. जोडताना सकाळीच बघितला."

"मग बोलला का न्हाईस?"

गुंडू कानापर्यंत लाल झाला. "बोललो असतो तर सगळी तुमचीच कलाकुसर बघत बसली असती. कसं भरलं, कसं घासलं. माझ्या इंजनात कोण वाकून बघणार?" मग आणखी हळू म्हणाला, "रंग बघून सकाळपास्नं माझं बी डोकं फिरलंय, पेंटर. मला हा रंग जन्मात येणार न्हाय."

कोणीतरी आपल्यावर जळतंय हे पिराजीनं कधी तोंडावर ऐकलं नव्हतं. उसाचा रस प्याल्यासारखा तो आतून गार झाला.

हंबीररावांना हसू आवरेना. "फोडा लेकानो, दोघं मिळून फोडा! आणि पुजा आटपा, भूक लागलीया!"

दोघांनी दोन बाजूंनी धरून नारळ दगडावर आपटला. पाणी शेवरलेटच्या चाकांवर उडालं. हंबीररावांनी एक भकल पिराजीला दिलं, एक गुंडूला. पिराजीनं आपलं बघितलं, गुंडूचं बघितलं, परत आपलं बघितलं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुझं थोरलं हाय."

"कुठं? तुमचंच थोरलं हाय की!"

बनाबाई पुढं आली आणि दोघांच्याही हातातली भकलं काढून पदरात टाकली. "दोन्ही एकाच पाट्यावर वाटते," ती म्हणाली. "जेवाय या दोघं. आणि चटणी जास्त कुणाला वाढली ते बघू नगासा."