हसू पुसायला लावणारी वांडा

केंटकीतल्या त्या गावात ट्रस्टी आडनावाच्या वांडाला सगळे तोंडावर 'कोच' म्हणत आणि पाठीमागे 'गादीवाली'. शाळेच्या चिअरलीडिंगच्या, म्हणजे आरोळ्या देत मानवी मनोरे रचणाऱ्या पोरींना ती गादी अंथरल्याशिवाय टाचसुद्धा उचलू द्यायची नाही! उन्हाळ्यात प्रशिक्षकांचं सुरक्षेचं शिबिर करून आली आणि तिने नवंच खूळ काढलं: पडलेल्या पोरीने आधी हसू पुसायचं, मग बोलायचं. आता बोला! या खेळात पहिल्या दिवसापासून शिकवतात ते हेच, की पडलीस तरी दात दिसले पाहिजेत.

विभागीय स्पर्धेचा दिवस. ढोल, भोंगे, किंचाळ्या, क्रीडागृह नुसतं दणाणत होतं! आपली पाळी यायच्या आधी, बाहेर सरावाच्या गादीवर वांडाच्या पोरींनी मनोरा रचला. टोकाला मार्ली. शाळेचं शेवटचं वर्ष, साऱ्या गावाचा जीव तिच्यावर. वर गेली, डुलली आणि आली की खाली! मागच्या मुलीने खांदे झेलले, पण डोकं दुसरीच्या कोपरावर आदळलं. मार्ली टुणकन उठली, हात वर, हे एवढं हसू. टाळ्यांचा कडकडाट!

वांडाने टाळी वाजवली नाही. ती थेट मार्लीजवळ गेली.

"हसू पुस, बाळा. आज शेवटची आरोळी कुठली?"

मार्लीने खणखणीत आरोळी ठोकली. गेल्या वर्षीची.

"बस खाली. आज तू नाहीस."

मार्लीची आई शेरिल कठडा ओलांडून धावत आली. "वांडा, डोकं फिरलंय का तुझं? तिचं शेवटचं वर्ष आहे गं हे!"

"शाळेतलं शेवटचं, शेरिल. आयुष्यातलं नव्हे. कुणीतरी डॉक्टरला बोलवा! आणि पोरींनो, बुटका मनोरा करा, आपण बसवलाय तसाच. पळा!"

आत संगीत सुरू झालं आणि मार्लीला भडाभडा उलटी झाली. शेरिलने हातातला पॉपकॉर्नचा डबा रिकामा करून पुढे धरला. शेरिलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू जा वांडा, तुझ्या पोरी आत..."

"ही पण माझीच आहे," वांडा म्हणाली. मार्लीचं डोकं तिने दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, डॉक्टर येईपर्यंत सोडलं नाही.

मार्लीला घेऊन रुग्णवाहिका गेली, शेरिलही सोबत गेली. तेवढ्यात मनोऱ्यातली टेस धापा टाकत, रडत आली. "कोच, तिसऱ्या आलो! राज्यस्पर्धा हुकली!"

"कुणी पडलं?"

"नाही."

"कुण्णी म्हणजे कुण्णी नाही?"

"नाही हो, कोच."

वांडा मटकन गादीवर बसली आणि टाळ्या वाजवू लागली.