मी मोठ्याने केलेली एकच प्रार्थना

माझा नवरा मोठ्याने प्रार्थना करायचा आणि मी मनात. लग्न ठरताना या फरकाचं कोणालाच काही वाटलं नाही. दोघं ख्रिस्ती, दोघं नोकरीवाले, एवढं पाहून घरच्यांनी हो म्हटलं.

आमचं घर वसईच्या बाजूचं, कॅथलिक. संध्याकाळी दिवे लागले की आई क्रुसापुढे बसायची, आम्ही भावंडं तिच्या मागे. माळेचे मणी सरकवत ठरलेले शब्द सगळे मिळून म्हणायचो. स्वतःचं काही मागायचं असलं तर ते मणी बोटांत असतानाच, मनातल्या मनात. आई काय मागायची हे मला ती मरेपर्यंत कळलं नाही, आणि विचारावं असंही कधी वाटलं नाही.

नवरा नगरकडचा, प्रॉटेस्टंट, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. त्यांच्याकडे ठरलेले शब्द म्हणजे पोपटपंची. उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं देवाशी बोलायचं. तो फार छान बोलायचा. आवाज भरदार, आणि कुठे थांबायचं हे त्याला बरोबर कळायचं. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करत असे. इथे 'तो' म्हणते आहे, आता भीड कोणाची ठेवायची?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोईसरला एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना होता, तिथे तो शिफ्टवर देखरेखीला होता. नखांच्या कडा कधी पिवळ्या, कधी निळ्या. मी पालघरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. सकाळच्या शटल गाडीने जायचं, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून द्यायचे. कॉल लागला की आपला कान काढून घ्यायचा, हा तिथला नियम. तरी अर्धंमुर्धं कानावर पडायचंच. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा पळून गेला. ते तिथेच सोडून घरी यायचं, याची मला इतकी सवय झाली होती की त्यात विशेष काही आहे असं वाटत नसे.

लग्नानंतर महिन्याभरात लक्षात आलं की जे मला सांगायचं ते तो देवाला सांगतो. एकदा पुढच्या पाळीची बाई आली नाही म्हणून मला घरी यायला उशीर झाला. जेवायला बसलो, त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, हे पित्या, माझ्या पत्नीच्या मनात घराची ओढ निर्माण कर. मी गरम पातेलं फडक्यात धरून उभी. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. आमेन म्हणावं लागतं. मी म्हटलं. मग भात खारट झाला की माझ्यासाठी धीर मागितला जायचा, माहेरी दोन दिवस जास्त राहिले की आज्ञाधारकपणा. मी माळ घेऊन बसले तर दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांवरचा पडदा दूर व्हावा म्हणून.

तरी एक दुपार चांगली गेली होती, ती सांगायला हवी. त्याची सुट्टी होती, माझीही. आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटी होती, वाळू लांबवर ओली. चालता चालता तो म्हणाला, "मी प्रार्थना करतो ना, तेव्हा पलीकडे कोणी ऐकतंय असं मला कधीच वाटलेलं नाही. लहानपणापासून नाही." वडील त्याला सहा-सात वर्षांचा असल्यापासून मंडळीपुढे उभं करायचे. तो बोलायचा, बायका डोळे पुसायच्या, वडील पाठ थोपटायचे. तेवढंच त्याला मिळालं होतं. देवाचं काही नाही. मी त्याचा दंड धरला आणि सांगितलं, की असं आम्हालाही वाटतं, म्हणून तर आम्ही ठरलेले शब्द म्हणतो. आपण रिकामे असलो तरी शब्द आपल्याला पुढे नेतात. तो हसला. त्या दिवशी मला वाटलं, आता आमचं जमलं. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, आईलासुद्धा नाही.

त्यानंतर मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात ते गेलं. पालघरच्या दवाखान्यातून घरी आणलं, मी कॉटवर पडून होते. तो स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. फार मायेने वागत होता, म्हणून मी बोलले. म्हटलं, वाईट वाटतंय, पण खरं सांगू का, थोडं सुटल्यासारखंही वाटतंय. नोकरी, येणं-जाणं, घर, हे सगळं कसं होणार याची मला रोज भीती वाटत होती. ती भीती आज नाही. त्याने फोड माझ्या हातात दिली आणि मान हलवली. मला वाटलं, त्याला कळलं.

बोईसरमध्ये दर बुधवारी प्रार्थनासभा भरायची. पाम गावच्या रस्त्याला एका निवृत्त अधिकाऱ्याचं घर होतं, तिथे. कारखान्यांतले नगरचे, सोलापूरचे, केरळचे लोक यायचे. त्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही चालायचं. त्या अधिकाऱ्याच्या बायकोला सगळे आंटी म्हणत. मी नवऱ्याबरोबर जायचे, मागे बसायचे, पदराखाली माळ धरायचे. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच गेले त्या बुधवारी तो उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मूल गेलं हे, आणि माझ्या पत्नीला त्यामुळे सुटका झाल्यासारखं वाटलं, हेही. हे प्रभो, तिच्या या कठोर मनाला क्षमा कर, म्हणाला. बोलताना त्याचा आवाज भरून आला. खोलीभर आमेन झालं. माझ्या शेजारी केरळच्या एका फिटरची बायको बसली होती, तिनेही आमेन म्हटलं आणि जराशी सरकून बसली.

सभा संपल्यावर आंटी आली. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, पाप कबूल कर म्हणजे कूस उघडेल.

घरी येताना मी त्याला विचारलं, की ते मी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही ते लोकांना का सांगितलंत.

"मी लोकांना कुठे सांगितलं? मी देवाला सांगितलं."

"खोली माणसांनी भरलेली होती."

"सगळ्यांचे डोळे मिटलेले होते," तो म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सभेतल्या एका बाईची बहीण वसईकडे दिलेली होती. महिन्याभरात ते माझ्या माहेरी पोचलं. मी गेले तेव्हा आई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. "खरं हाय का पोरी, तुला बरं वाटलं?" एवढंच विचारलं. मी समजावून सांगायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लोकांत नको बोलू आता." त्या दिवशी माळेच्या वेळी तिने मला बोलावलं नाही. मी आतल्या खोलीतून सगळ्यांचे आवाज ऐकत बसले. त्या बसण्याची परतफेड करायची, हे मी तिथेच ठरवलं.

मला घाई नव्हती. आधी हातात होतं ते केलं. सभेत दर बुधवारी माझी कूस उघडावी म्हणून प्रार्थना होऊ लागली, आणि मी सरकारी दवाखान्यातून मूल न होण्याच्या गोळ्या आणल्या. आमच्या कॅथलिकांत ते चालत नाही, हे मला माहीत होतं. तरी घेतल्या. तो डोळे मिटून मूल मागायचा आणि मी आमेन म्हणायचे. आम्हाला पुढे मूल झालं नाही. देवाने ऐकलं नाही असं लोक म्हणाले. देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

मग मी त्यांची प्रार्थना शिकले. सुरुवात कशी करायची, आभार किती मानायचे, मागणं कुठे आणायचं, आवाज कुठे उतरवायचा. शटलमध्ये बसले की उमरोळी स्टेशन येईपर्यंत मनात घोळवायचे. सभेला येणाऱ्या बहुतेकांचे कॉल माझ्या हातातून गेलेले होते. त्यांतलं मला बरंच ठाऊक होतं. त्याला मी हात लावला नाही. मला फक्त एक माणूस हवा होता.

वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. मंडळी वाढली आणि तिच्यासाठी रीतसर वडील नेमायचं ठरलं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी जाणती माणसं. माझ्या नवऱ्याचं नाव सगळ्यांत आधी निघालं. एवढी सुंदर प्रार्थना करणारा दुसरा होता कोण? त्याने नवा पांढरा शर्ट शिवून घेतला. नगरहून त्याचे वडील आले. मुंबईहून पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आले. शर्टाला इस्त्री मीच केली, कॉलर दोनदा फिरवली.

त्या दिवशी आंटीच्या घरात बसायला जागा नव्हती, व्हरांड्यातही लोक होते. डोक्यावर हात ठेवून नेमणूक करण्याआधी पाळक म्हणाले, की कोणाला या भावासाठी प्रार्थना करायची असेल तर करावी. दोघं-तिघं बोलले. मग मी उभी राहिले. नवऱ्याने मान वळवून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. मी पहिल्यांदाच त्यांच्या रीतीने प्रार्थना करणार होते. कितीतरी बुधवार त्याने हेच मागितलं होतं. त्याने डोळे मिटले.

मी म्हटलं, "हे दयाळू पित्या, मला मोठ्याने बोलायची सवय नाही, मला सांभाळून घे. मी माझ्या पतीसाठी मागते. आज त्यांना मोठी जबाबदारी मिळते आहे. तू ऐकतोस असं त्यांना कधीच वाटलेलं नाही. लहानपणापासून नाही. इथे दर बुधवारी ते बोलतात, तेव्हाही पलीकडे कोणी नाही असंच त्यांना वाटतं. हे त्यांनी चिंचणीच्या किनाऱ्यावर मला स्वतः सांगितलं आहे. ही जबाबदारी त्यांच्या खांद्यावर येण्याआधी त्यांना विश्वास दे. आमेन."

सवयीने दोन-चार जण आमेन म्हणून गेले. मग आपण कशाला आमेन म्हटलं ते त्यांना कळलं. मी डोळे उघडेच ठेवले होते. मला बघायचं होतं. माझे सासरे खाली मान घालून हातातल्या टोपीची कड चाचपत होते. तो मात्र डोळे मिटूनच उभा होता, बराच वेळ. कोणी हाताला धरून बसवेपर्यंत उभाच होता.

पाळकांनी त्याला बाजूला नेऊन विचारलं, हे खरं आहे का. त्याने खोटं सांगितलं असतं तर माझं नाव कायमचं गेलं असतं, ते त्याला सहज जमलं असतं. पण तो हो म्हणाला. नेमणूक झाली नाही. सासरे न जेवता दुपारच्या गाडीने निघून गेले, आणि परत कधी आमच्या घरी आले नाहीत.

आम्ही चालत घरी आलो. माझं उत्तर तयार होतं. हे लोकांना का सांगितलंस असं तो विचारेल आणि मी म्हणेन, मी लोकांना कुठे सांगितलं. किती महिने ते वाक्य जपून ठेवलं होतं. त्याने विचारलंच नाही. घरी येऊन शर्ट काढला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिला. जेवताना पहिल्यांदाच काही न बोलता घास घेतला. मला वाटलं होतं मी सुखाने जेवेन, आणि मी जेवलेही. भूक चांगली लागली होती.

तो एकटा पडेल, माझ्यासारखाच, अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. पंधरा दिवसांत तो केरळचा फिटर संध्याकाळी दारात आला. आत आला, बसला आणि हिंदीत म्हणाला, "भाई, मुझे भी ऐसा ही लगता है." मग आणखी एक जण आला. हळूहळू चार-पाच पुरुष आमच्या बाहेरच्या खोलीत बसू लागले. प्रार्थना करत नसत. कधी बोलत, कधी नुसते बसत. त्याच्याबद्दल लोकांना वाटणारी आपुलकी वाढली. धीराचा माणूस, कबूल करायला छाती लागते, असं बोलू लागले. आंटीचा नवरासुद्धा येऊन गेला.

माझ्याकडे कोणी आलं नाही. बाजारात बायका मला पाहून भाजीवालीशी बोलत राहत. नवऱ्याला उघडं पाडणारी आणि पोटचं गेल्यावर बरं वाटणारी, या दोन गोष्टी मिळून माझी एकच ओळख झाली होती. पुढे एकदा फिटरची बायको स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. गाडी यायची होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, की तिचंही एकदा गेलं होतं, आणि तिलाही तसंच वाटलं होतं.

मी विचारलं, "मग त्या दिवशी आमेन का म्हणालीस?"

ती रडायला लागली. मी तिला समजावलं नाही. गाडी आली तशी उठून पुढच्या डब्यात चढले.

आम्ही एकत्रच राहिलो. नव्वदच्या पुढेही, एक्स्चेंजमध्ये यंत्रं येऊन आमची कामं बदलली तरी. त्याने पुन्हा कधी माझ्यादेखत तोंड उघडून प्रार्थना केली नाही. माझी माळ मी बाहेरच्या खोलीत, उजेडात बसून म्हणू लागले, आणि तो तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवायचा. त्याची ती माणसं मात्र येतच राहिली. सुरुवातीला मी त्यांना चहा करून द्यायचे. मग एका संध्याकाळी ती आली तशी मी चपला घातल्या आणि बाहेर पडले, आणि पुढे दर वेळी तेच केलं. चहा तो स्वतः करू लागला. आलं ठेचून घालायचा, साखर जरा जास्त. फार चांगला करायचा असं म्हणतात. मी कधी प्यायले नाही.