देवरावभाऊंची नखं

देवरावभाऊ गेले हे सांगताना डॉक्टर वहिनींना म्हणाले, "फार दुर्मिळ प्रकार आहे हो." दीड महिना झाला, तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. दुर्मिळ म्हणजे काय? माणूस थोडा कमी मरतो?

बोरगावला आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या अंगणात निळीचं पिंप, आणि जन्मभर खादी रंगवून नखं कायम निळी. पंगतीत शेजारचा अनोळखी माणूस दचकला की भाऊ हसायचे, "जेवा जी, रंग हाय, जहर नाई."

उन्हाळ्यात त्यांना दम लागू लागला. घशातून नळी घालून हृदय नीट बघायचं ठरलं. घसा बधिर करायला फवारा मारला, तपासणी झाली, भाऊंना बाहेर आणलं. वहिनी कागदांच्या रांगेत होत्या, भाऊंजवळ मी. सिस्टर म्हणाली, "यांची नखं निळी दिसतात." मी शहाणा, हसून म्हणालो, "रंगारी आहेत ते. नखं तशीच असतात." बोटाला लावलेल्या मशीनवरचा प्राणवायूचा आकडा खाली होता. तर तिथला डॉक्टर म्हणाला, "नखांवर रंग असला की मशीन चुकतं." झालं! माझ्या एका वाक्यावर सगळे निर्धास्त. एकानेही तो हात उचलून पाहिला नाही... मीही नाही. ओठ काळे पडले तेव्हा धावपळ सुरू झाली. काढलेलं रक्त लाल नव्हतं, तपकिरी होतं. बधिर करणाऱ्या औषधाने क्वचित रक्त असं बिघडतं, मग ते प्राणवायू पोचवत नाही, हे तेव्हा कळलं. त्यावरचं औषध असतं, तेही निळंच. ते दवाखान्यात नव्हतं! बाहेरून येईपर्यंत भाऊ संपले होते. फवारा हाताशी ठेवता, मग उतारा का नाही ठेवत?

तेराव्यानंतर मी वहिनींना माझं वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या,

"तुमी काऊन सांगतलं असं, भाऊजी? महिनाभर त्यायनं पिंपाले हातच नोता लावला. त्या दिवशी सकाळी अर्धा तास नखं घासली. म्हणे, डॉक्टरले घाण हात दाखवाचे काय?"

डॉक्टरांवरचा राग मी चारचौघांत काढतो. माझ्यावरचा कुठे काढू? तीस वर्षं शेजारी राहिलो आणि त्या दिवशी त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही.

त्यांच्या धुण्याच्या दगडावर नारळाची शेंडी अजून पडून आहे. वहिनी ती कुणाला उचलू देत नाहीत. त्या सकाळी भाऊंच्या नखांवरून निघालेला सगळा रंग तिच्यात आहे.