तळहातावरचं दही

बोलता येत नसताना इतकं बोलणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या या बाईसाहेब तेव्हा दीड वर्षाच्या होत्या आणि शब्दसंपत्ती म्हणाल तर जेमतेम दोन शब्दांची. पहिला शब्द 'आई' असणार की 'बाबा', यावरून तिच्या पुणेकर आईवडिलांत चांगलीच चुरस लागली होती. बाईसाहेबांनी एका सकाळी भाताची वाटी बाजूला सारून खणखणीत आवाजात 'बेडा' असं जाहीर केलं आणि दोघांनाही निकालात काढलं. हा कन्नड नकार तिने आनेकल गावाहून रोज बसने येऊन तिला सांभाळणाऱ्या अक्काकडून उचलला होता. दुसरा शब्द 'अक्का'. तो अक्कासाठी, दुधासाठी, गॅलरीतल्या कबुतरांसाठी आणि एकदा मिशाळ वॉचमनसाठीही वापरण्यात आला. "एचएसआर लेआउटमध्ये राहायला एवढं कन्नड पुष्कळ झालं," असं मी तिच्या बापाला म्हणालो. त्याला इतक्या वर्षांत तेवढंही आलं नव्हतं.

बाकीचा कारभार हातवाऱ्यांवर चाले. फुंकर मारली की चहा, डोकं चोळलं की अंघोळ, आणि नाकावर बोट टेकवून वर सरकवलं की मी. माझा चष्मा घसरतो आणि मी तो दिवसभर वर ढकलत असतो, हे मला तिच्यामुळे कळलं. सोसायटीत मी सगळ्यांचाच काका; चष्म्याच्या या नावाने मला ओळखणारी ती एकटीच. त्या नावाचा मला जरा जास्तच अभिमान होता. तिची आई घरून काम करायची. "काका, दहाच मिनिटं हं, एक कॉल संपवते," म्हणून ती पोरीला माझ्याकडे सोडायची आणि तो कॉल जेवणवेळेपर्यंत लांबायचा. मग बाईसाहेब माझा घडीचा बुद्धिबळाचा पट लॅपटॉपसारखा उघडून बसत आणि आईच्याच चढउतारात, एकही शब्द न वापरता, मीटिंग घेत. मी मध्ये तोंड उघडलं तर माझ्याकडे न बघताच पंजा उगारून गप्प करत. बायको गेल्यापासून घरात मला गप्प करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला फार बरं वाटायचं.

तिचा बाप कामासाठी सारखा गावोगाव जायचा. निघताना आई रीतीप्रमाणे त्याच्या तळहातावर दही ठेवायची. तो ते चाटायचा, बूट घालायचा, लिफ्टमध्ये शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा. पुण्याची आजी येऊन गेली, तिचंही असंच झालं. यावरून बाईसाहेबांनी निष्कर्ष काढला की माणसं दह्यामुळे जातात. तेव्हापासून तळहात चाटला की त्याचा अर्थ 'गेला'. बापाची बॅग दिसली की ती फ्रिजला पाठ लावून 'बेडा, बेडा' करत उभी राहायची. एकदा आमचे सेक्रेटरी पाण्याच्या टँकरबद्दल बोलायला माझ्याकडे आले आणि उठायचं नाव घेईनात. हिने बराच वेळ दम धरला, मग टेबलावरच्या वाटीतलं चमचाभर दही नेऊन त्यांच्या हातावर ठेवलं. "प्रसादा?" म्हणत त्यांनी ते भक्तिभावाने चाटलं आणि थोड्याच वेळात फोन आला म्हणून खरोखरच निघून गेले. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की तिला चुकीचं ठरवायची माझी छाती झाली नाही.

मग तिच्या बापाला पुण्यात नोकरी मिळाली. फ्रिज ट्रकमधून पुढे गेला होता, म्हणून निघायच्या दिवशी दही माझ्याकडचं. "काका, तिच्या हातावर तुम्हीच ठेवा," तिची आई म्हणाली. वाटी पाहताच पोरीने मूठ घट्ट आवळली. "बेडा." बाप घड्याळ बघायला लागला. "स्वल्प थांबा, अण्णा," अक्का त्याला म्हणाली. बाईसाहेबांनी सगळ्यांच्या पायांतले बूट पाहिले, बॅगा पाहिल्या, विचार केला आणि मूठ उघडून मुकाट्याने दही चाटलं. मग माझ्या हातातला चमचा ओढून घेतला, माझ्या तळहातावर दही ठेवलं, नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला आणि लिफ्टकडे बोट केलं. सगळे हसले. मी दही चाटलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती माझ्या पायांकडे बघत होती, मी बूट कधी घालतो म्हणून. मी अनवाणी होतो.

आता ती शाळेत जाते, घडाघडा बोलते. फोनवर "हॅलो काका" म्हणते, अगदी स्वच्छ. मला आनंद होतो, खोटं कशाला सांगू. पण माझं नाव गेलं याचं वाईटही वाटतं, आणि असलं दुःख सांगायचं कोणाला? परवा व्हिडिओ कॉलवर मला राहवलं नाही. मी चष्मा वर सरकवला आणि तळहात उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. ती खुदकन हसली आणि "हाय-फाय!" म्हणत स्क्रीनवर चापट मारली. मीही इकडून टाळी दिली.